'मिर्चा' : एका रोमानियन पुरुषनामाची व्युत्पत्ती आणि अर्थ

प्रास्ताविक

धर्मेतिहास, योगदर्शन किंवा मिथकविचार शिकवणाऱ्या आपल्याकडील अध्यापकांना मिर्चा एलियादे (१९०७–१९८६) हे नाव अपरिचित नाही. 'पवित्र' या संकल्पनेची चर्चा सुरू झाली की त्यांचा निर्देश येतोच. त्यांच्या ग्रंथांविषयी मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे; तथापि त्यांच्या नावाकडे स्वतंत्रपणे पाहण्याचे कारण फारसे कोणाला पडले नसावे. नवजात बालकांच्या नावांच्या युरोपीय पुस्तकांत 'मिर्चा'समोर 'शांती' असा एकशब्दी अर्थ बहुधा दिलेला असतो. हा अर्थ सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो ज्या मुळावरून सांगितला जातो ते मूळ रोमानियन भाषेचे नाही. हे नाव धारण करणाऱ्या माणसाला तो अर्थ ऐकू येत नाही. शिवाय ज्या पूर्णनामाचे हे लघुरूप असेल त्यात मुळात 'शांती' होती की नाही, याविषयीही शंकेस जागा आहे.

विशेषनामाचा 'अर्थ' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न भाषाविज्ञानात जुना आहे. धातूचा अर्थ, पूर्णनामाचा अर्थ आणि समाजाच्या स्मृतीत त्या नावाभोवती साचलेला अर्थ या तीन वेगळ्या गोष्टी होत. 'मिर्चा' या नावात त्या इतक्या स्पष्टपणे एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात की, नामविद्येच्या अभ्यासकास हे उदाहरण विशेष उपयोगी ठरावे. स्लाव मुळाचे हे नाव रोमानियनांचे 'आपले' झाले ते व्युत्पत्तीमुळे नव्हे, तर व्याकरण, इतिहास आणि वापर यांच्यामुळे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उच्चार आणि लेखन

रोमन लिपीत हे नाव सहा अक्षरांनी लिहितात. इंग्रजी वळणाने वाचणारे त्याचे 'मिर्सिया' करतात आणि तेच रूप कधीकधी मराठी लेखनातही उतरते. रोमानियन लेखनपद्धतीत 'सी' या अक्षरापुढे 'ई' किंवा 'आय' आल्यास त्याचा उच्चार 'च' होतो. नावातील 'ई' हे अक्षर मुख्यतः हा तालव्य 'च' दाखवण्याचे काम करते. स्वतंत्र स्वर म्हणून ते ऐकू येत नाही. म्हणून 'मिर्चा' हेच लेखन मूळ उच्चाराला जवळचे आहे. आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि 'च' हा 'चहा'तला, 'चाक'मधला नव्हे. मराठी कानाला लगेच मिरची आठवते. तिचा येथे काहीही संबंध नाही. मात्र केवळ नादसाम्यावरून व्युत्पत्ती सांगण्याचा मोह किती सहज होतो, हे ध्यानात येण्यास ही आठवण पुरेशी आहे.

जुन्या कागदपत्रांत हे नाव रोमन लिपीत येत नाही, कारण १८६० च्या सुमारापर्यंत रोमानियन भाषा सिरिलिक लिपीत लिहिली जात असे. त्या लिपीत 'च'साठी स्वतंत्र अक्षर असल्याने लेखन सरळ उच्चारानुसारी होते. मधल्या 'ई'चा घोटाळा लिप्यंतराबरोबर आला.

स्लाव मूळ आणि लघुरूपाची घडण

स्लाव समाजांत प्राचीन काळी प्रतिष्ठितांची नावे बहुधा द्विपदी असत. मिरोस्लाव, द्रागोमिर, रादोमिर, व्लादिमीर ही त्यांपैकी काही. 'द्राग' म्हणजे प्रिय, 'राद' म्हणजे आनंदी, 'स्लाव' म्हणजे कीर्ती. ही रचना संस्कृतच्या अभ्यासकांना परकी वाटणार नाही; देवदत्त, यज्ञदत्त, वसुमित्र ही नावे याच घडणीची आहेत. लांब नावे घरात आणि गावात आखूड होतात, हेही दोन्हीकडे सारखेच. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात 'देवदत्त'पासून 'देविक', 'देविय', 'देविल' अशी लाडकी रूपे कशी साधतात याचे नियमच सांगितले आहेत. नावाचा उत्तरभाग गळतो आणि राहिलेल्या अंशाला प्रत्यय लागतो. दक्षिण स्लाव भाषांत नेमके हेच घडते. 'मिर' हा अंश राहतो आणि त्याला 'चे', 'चो', 'को' असे लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'मिर्चे', 'मिर्चो', 'मिर्को' ही रूपे होतात. रोमानियन 'मिर्चा' हे यांपैकी 'मिर्चे'चे रूप होय, याविषयी रोमानियन नामकोशकारांत फारसा मतभेद नाही.

मतभेदाला जागा आहे ती 'मिर' या अंशाच्या अर्थाविषयी. प्राचीन स्लाव भाषेत 'मिर' या शब्दाचे दोन अर्थ आढळतात : शांती आणि जग. रशियनमध्ये गावकऱ्यांच्या सामूहिक संस्थेलाही 'मिर' म्हणत. १९१८ पूर्वीच्या रशियन लेखनात शांती आणि जग हे अर्थ दोन वेगळ्या अक्षरांनी दाखवले जात, उच्चार मात्र एकच होता. शांतपणे नांदणारा समूह, त्यावरून लोकसमुदाय आणि त्यावरून जग, असा अर्थविस्तार साधारणपणे मानला जातो.

परंतु द्विपदी नावांच्या शेवटी येणारे 'मिर' हे नेहमीच हे 'मिर' नसते. 'व्लादिमीर'चे जुने रूप 'व्लादिमेर' असे होते. त्यातील 'मेर' हे पद 'थोर, कीर्तिमान' या अर्थाच्या जर्मानिक शब्दाशी जोडले जाते. पुढे 'मेर'चा अर्थ लोक विसरले आणि परिचयाचे 'मिर' त्या जागी आले. लोकव्युत्पत्तीने नावाचे मूळ असे आतूनच बदलून टाकले. आता 'मिर्चा' हे लघुरूप मिरोस्लावसारख्या नावापासून आले असेल, तर 'मिर' म्हणजे शांती हे ठीक आहे. ते व्लादिमीरसारख्या नावाच्या उत्तरपदापासून आले असेल, तर तळाशी 'थोर' हा अर्थ असण्याचा संभव राहतो. लघुरूपावरून पूर्णनाम निश्चित करता येत नाही. आपल्याकडे 'बाळू' या हाकेवरून मूळ नाव बाळकृष्ण की बाळासाहेब हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

'मिर' आणि संस्कृत 'मित्र'

येथे संस्कृतज्ञ वाचकाच्या मनात 'मित्र' हा शब्द आलाच असेल. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये भारत-इराणी देवता 'मित्र' हिच्या नावाचा मूळ अर्थ 'करार, परस्परबंधन' असा असल्याचे प्रतिपादन केले होते. वैदिक मित्र हा लोकांना वचनाने बांधून ठेवणारा देव आहे, ही गोष्ट या मताला पोषक आहे. करारातून शांती येते हेही सयुक्तिक दिसते. त्यामुळे स्लाव 'मिर'ला याच कुळात बसवण्याकडे काही विद्वानांचा कल राहिला आहे. अवेस्तातील 'मिथ्र'चे पुढे मध्य इराणी भाषांत 'मिह्र' झाले. तो शब्द इराणी टोळ्यांकडून स्लावांनी उचलला असावा, अशीही एक कल्पना मांडली गेली आहे.

दुसरा पक्ष 'मिर'चा संबंध स्लाव 'मिल' (प्रिय) आणि लिथुएनियन 'मिएलास' (लाडका) यांच्याशी लावतो. या मताप्रमाणे मूळ अर्थ 'सौम्य, मृदू' असा होतो. ध्वनिदृष्ट्या हा मार्ग अधिक सरळ आहे, कारण 'मित्र'मधील 'त्र' आणि 'मिर'मधील 'र' हे एकाच प्रत्ययाचे परिणाम मानता येत नाहीत. मूळ धातू एक धरला तरी प्रत्यय वेगळे धरावे लागतात. प्रस्तुत लेखकास हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. 'मिर्चा म्हणजे मित्रच' असे विधान वर्गात ऐकायला आकर्षक असले, तरी पुराव्याच्या आधारे ते करता येणार नाही. आपल्याकडील व्युत्पत्तिचर्चेत नादसाम्याला पुरावा मानण्याची जी सवय अनेकदा दिसते, तिच्या संदर्भात हे नमूद करणे आवश्यक आहे.

लॅटिनकुलीन भाषेत स्लाव नाव

रोमानियन ही लॅटिनपासून निघालेली भाषा आहे. सम्राट ट्राजानने इ.स. १०६ मध्ये डाकिया जिंकला. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ऑरेलियनच्या काळी रोमन सत्ता तेथून मागे हटली. सहाव्या शतकापासून स्लाव लोकांच्या वस्त्या या प्रदेशात आणि डॅन्यूबच्या दक्षिणेस पसरल्या. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस यांच्या कार्यामुळे स्लाव भाषा धर्मभाषा झाली. पुढे बल्गेरियाच्या मार्गाने तीच रोमानियन प्रदेशातील चर्चची आणि दरबाराचीही भाषा बनली. डॅन्यूब आणि काळा समुद्र यांमधील दोब्रोजा प्रदेशात इ.स. ९४३ चा एक सिरिलिक शिलालेख सापडला आहे आणि त्यात दिमित्रे नावाच्या एका स्थानिक अधिपतीचा उल्लेख येतो. तो १९५० मध्ये ज्या गावी मिळाला, त्या गावाचे आजचे नाव 'मिर्चा वोदा', म्हणजे 'राजा मिर्चा' असे आहे. याउलट रोमानियन भाषेतील सर्वांत जुना तारीख निश्चित करता येणारा लेख म्हणजे क्म्पुलुंगच्या न्याक्शू या व्यापाऱ्याचे पत्र, आणि ते १५२१ चे आहे. म्हणजे लोक रोमानियन बोलत आणि कागद स्लाव भाषेत लिहीत, अशी स्थिती कित्येक शतके होती. पेशवाईपूर्वी मराठी मुलखात फारसी कागदांची जी प्रतिष्ठा होती, तिच्याशी याची तुलना मर्यादित अर्थानेच करता येईल. कारण तेथे दरबाराबरोबर देवळाची भाषाही तीच होती.

या काळातील रोमानियन पुरुषनामांत अनेक थर दिसतात. इयोन, ग्योर्गे, निकोलाए, दुमित्रू ही चर्चच्या पंचांगातील, ग्रीक-स्लाव मार्गाने आलेली नावे. लुपू (लांडगा), उर्सू (अस्वल), फ्लोर्या (फूल) ही लोकभाषेतली. स्तान आणि ओप्रिया यांची मुळे 'उभे राहणे, थांबणे' या क्रियांशी आहेत. ज्या घरात मुले दगावत, तेथे मूल 'टिकावे' किंवा मृत्यू 'थांबावा' म्हणून ती ठेवली जात. दगडू, धोंडू, भिकू ही नावे ज्या भयातून आपल्याकडे आली, तेच हे भय. आजारी मुलाला खिडकीतून 'विकून' त्याचे नाव लुपू किंवा उर्सू असे बदलण्याची रीतही रोमानियन खेड्यांत नोंदली गेली आहे.

'मिर्चा' यांपैकी कोणत्याच थरात बसत नाही. ते पंचांगातील संताचे नाव नाही आणि दृष्ट काढणारे नावही नाही. राद (रादू), व्लाद, द्रागोश, बोग्दान यांच्याप्रमाणे ते सरदार आणि राजकुळांत रुळलेले स्लाव नाव आहे. वालाकियाच्या राजांनी आपल्या कागदांत नावापूर्वी 'इयो' हे पद लावलेले दिसते आणि बहुतेक अभ्यासक ते 'इयोआन' या बायबलमधील नावाचा संक्षेप मानतात. 'इयो मिर्चा' या बिरुदात पहिला शब्द ख्रिस्ती राजपदाची खूण आहे आणि दुसरा घराण्यातले नाव.

स्लाव भाषेतले 'मिर्चे' रोमानियनमध्ये आल्यावर 'मिर्चा' झाले, हा बदल किरकोळ वाटला तरी महत्त्वाचा आहे. रोमानियन भाषेत निश्चयवाचक उपपद शब्दाच्या आधी न येता त्याच्या शेवटी चिकटते. मिर्चा, ओप्रिया, मान्या, मिह्न्या या नावांतील अखेरचा स्वर हे असेच चिकटलेले उपपद असल्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परिणाम असा की, नाव दिसायला स्त्रीलिंगी होते, कारण त्या भाषेत स्त्रीलिंगी नामे बहुधा अशीच संपतात. पण चालते ते पुल्लिंगी. षष्ठीसाठी स्त्रीनामाचा शेवट बदलतो ('मारिया'चे 'मारियेइ'), तर पुरुषनामापूर्वी 'लुइ' हा शब्द येतो : 'लुइ मिर्चा', म्हणजे मिर्चाचा. मराठीत हरी, माळी, हत्ती हे ईकारान्त असूनही पुल्लिंगी चालतात, त्याची येथे आठवण व्हावी. व्याकरणाने असे सामावून घेतलेले नाव परके राहत नाही.

आणि अर्थाचे काय? आजच्या रोमानियन माणसाला 'शांती'साठी 'पाचे' हा लॅटिनमधून आलेला शब्द आहे. 'जग'साठी 'लुमे' आहे. तो मूळ 'प्रकाश' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, पण स्लाव भाषेत एकाच शब्दाला प्रकाश आणि जग हे दोन्ही अर्थ असल्याने त्याच्या प्रभावाने 'जग' असा अर्थ पावला. शब्द लॅटिन आणि अर्थ स्लाव, असे हे लक्षणीय उदाहरण आहे. स्वतः 'मिर' हा शब्द रोमानियनमध्ये आहे, परंतु त्याचा अर्थ 'चर्चमध्ये अभिषेकासाठी वापरले जाणारे पवित्र तेल' असा आहे आणि तो ग्रीकमधून आलेला अगदी निराळा शब्द आहे. 'मिरे' म्हणजे नवरदेव. 'मिर्यान' म्हणजे दीक्षा न घेतलेला प्रापंचिक माणूस. त्यात मात्र स्लाव 'मिर' (जग) दडलेले आहे, पण ते कोशात शोधल्याशिवाय कळत नाही. सारांश, बुखारेस्टमधील आईने मुलाचे नाव मिर्चा ठेवले, तर तिच्या मनात शांती हा अर्थ मुळात नसतो. तिच्या मनात एक राजा असतो.

राजा मिर्चा आणि 'बत्रीन' हे विशेषण

वालाकियाचा राजा मिर्चा १३८६ मध्ये गादीवर आला. १३९५ ते १३९७ या काळात एका प्रतिस्पर्ध्यामुळे आलेला खंड वगळता त्याने १४१८ पर्यंत राज्य केले. रोविने येथे त्याने ऑटोमन सुलतान बायझीद याच्याशी झुंज दिली. या लढाईचे वर्ष १३९४ की १३९५ याविषयी इतिहासकारांत वाद आहे. १३९६ च्या निकोपोलिसच्या मोहिमेतही तो ख्रिस्ती राजांच्या बाजूने सहभागी होता. ओल्त नदीकाठी त्याने बांधलेल्या कोझिया मठातच त्याचे दफन झाले. ज्याच्या नावावर पुढे रक्तपिपासू काउंटची कादंबरी रचली गेली, तो व्लाद त्सेपेश या मिर्चाचा नातू होय.

या राजाला इतिहास 'मिर्चा चेल बत्रीन' म्हणून ओळखतो. आजच्या रोमानियनमध्ये 'बत्रीन' म्हणजे म्हातारा. शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. निवृत्त, मुरलेल्या सैनिकासाठी रोमन लोक जो शब्द वापरत, त्यापासून तो आला आहे. परंतु राजाच्या नावापुढे तो लागला तेव्हा त्याचा अर्थ 'वृद्ध' असा नव्हता. त्याच्या पश्चात त्याच घराण्यात आणखी मिर्चा झाले. त्याचा एक नातू मिर्चा १४४७ मध्ये मारला गेला, तर सोळाव्या शतकात 'मिर्चा मेंढपाळ' या उपनावाचा राजा होऊन गेला. या नंतरच्यांपासून वेगळा ओळखता यावा म्हणून पहिल्यास 'बत्रीन', म्हणजे 'आधीचा, पूर्वज' म्हटले गेले. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. सवाई माधवरावांपासून वेगळे ओळखण्यासाठी आपण 'थोरले माधवराव' म्हणतो. सत्ताविसाव्या वर्षी निधन पावलेल्या त्या पेशव्याला कोणी म्हातारा समजत नाही. 'चेल बत्रीन'चे मराठी भाषांतर 'म्हातारा मिर्चा' असे न करता 'थोरला मिर्चा' असेच करावयास हवे.

रोमानियात मात्र विशेषणाचा जुना अर्थ लोकांच्या स्मरणातून गेला आणि नवा अर्थ राजाला चिकटला. मिहाय एमिनेस्कू या राष्ट्रकवीने १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'तिसरे पत्र' या दीर्घ काव्यात मिर्चा आणि बायझीद यांची भेट रंगवली आहे. तेथे मिर्चा साध्या वेषातला, नम्र बोलणारा वृद्ध म्हणून येतो. त्याचा जन्म सुमारे १३५५ चा मानला जातो. म्हणजे रोविनेच्या वेळी तो चाळिशीच्या आसपास होता. पण ही कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत पाठ केली गेली आणि शुभ्र दाढीचा शांत राजा लोकमानसात पक्का झाला. पुढे चाउशेस्कूच्या राजवटीत, १९८६ मध्ये राज्यारोहणाला ६०० वर्षे झाली त्या सुमारास, 'चेल बत्रीन'ऐवजी 'चेल मारे' म्हणजे 'महान' हे विशेषण पुढे करण्यात आले. ते रुजले नाही. मराठीतील 'थोर' या एका शब्दात 'वडील' आणि 'महान' हे दोन्ही अर्थ नांदतात, तशी सोय त्यांच्या भाषेत असती तर तो खटाटोप करावाच लागला नसता.

शुद्धीकरणाच्या काळात

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ट्रान्सिल्व्हेनियातील रोमानियन विद्वानांनी आपल्या भाषेचे लॅटिनत्व सिद्ध करण्याची चळवळ उभारली. हंगेरियन सत्तेखाली दुय्यम लेखल्या गेलेल्या समाजाची ती राजकीय गरजही होती. मुलांना ट्रायान, ओविदियू, लिविऊ, ऑक्तावियान अशी रोमन नावे देण्याची पद्धत याच काळात पसरली. दीड हजार वर्षे लोकव्यवहारात नसलेली ही नावे ग्रंथांतून परत आणली गेली. लाउरियान आणि मासिम यांनी १८७१ ते १८७६ या काळात सिद्ध केलेल्या कोशाने तर स्लाव आणि तुर्की मुळाचे शब्द वेगळे काढून त्यांची हकालपट्टी सुचवली. सावरकरांचे भाषाशुद्धीचे लेखन ज्यांनी वाचले आहे, त्यांना या प्रयत्नामागील भूमिका आणि तिच्या मर्यादा दोन्ही ओळखीच्या वाटतील.

या शुद्धिवाद्यांपुढे अडचण होती ती राजांच्या नावांची. राष्ट्राला पूर्वज हवे होते आणि ते होते मिर्चा, व्लाद, रादू, बोग्दान. रोमन पूर्वजांच्या खालोखाल ज्यांचा अभिमान बाळगायचा, त्यांचीच नावे स्लाव होती. शब्दकोशातून शब्द काढता येतो. वीरपुरुषाला नाव बदलायला सांगता येत नाही. मग झाले ते उलटेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नावे शहरी सुशिक्षितांत नव्याने ठेवली जाऊ लागली. १८८२ मध्ये रोमानियन आरमाराच्या एका शिडाच्या जहाजाला 'मिर्चा' हे नाव मिळाले. १९३८ मध्ये हॅम्बुर्ग येथे बांधलेल्या प्रशिक्षण-जहाजालाही तेच नाव दिले गेले आणि त्याच्या नाळेवर राजाची मूर्ती बसवली गेली. जर्मन वंशाच्या राजघराण्यातील फर्डिनांड आणि मारी यांनी १९१३ मध्ये जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलाचे नाव मिर्चा ठेवले. परक्या कुळाने आपण येथलेच झालो हे सांगण्यासाठी जे नाव निवडले, ते लॅटिन नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. हा राजपुत्र १९१६ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, विषमज्वराने वारला.

कलकत्त्यातील दोन नावे

१९०७ मध्ये बुखारेस्टमध्ये जन्मलेल्या एलियादेंना हे नाव मिळाले ते याच वातावरणात. १९२८ च्या अखेरीस ते कलकत्त्यास आले आणि सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे संस्कृत आणि भारतीय दर्शन शिकू लागले. १९३० मध्ये काही महिने ते दासगुप्तांच्या घरीच राहत होते. दासगुप्तांची कन्या मैत्रेयी आणि ते यांच्यातील स्नेह उघडकीस आल्यावर त्यांना ते घर सोडावे लागले. १९३३ मध्ये त्यांनी रोमानियन भाषेत 'मैत्रेयी' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यातील निवेदक नायक अभियंता आहे आणि त्याचे नाव अॅलन आहे. लेखकाने स्वतःचे नाव झाकले. मुलीचे नाव मात्र तसेच ठेवले आणि ते मुखपृष्ठावरही छापले.

मैत्रेयी देवींना (१९१४–१९८९) या कादंबरीतील तपशील कळला तो पुष्कळ उशिरा, १९७२ मध्ये, कलकत्त्यास आलेल्या एका रोमानियन भारतविद्यातज्ज्ञाकडून. कादंबरीत रंगवलेला शारीरिक संबंध घडलाच नव्हता, ही त्यांची भूमिका होती. तो आपल्या खऱ्या नावानिशी चाळीस वर्षे परक्या देशात वाचला जात असल्याचे त्यांना दुःख झाले. १९७३ मध्ये त्या शिकागोला जाऊन एलियादेंना भेटल्या आणि १९७४ मध्ये त्यांनी बंगालीत 'न हन्यते' ही कादंबरी लिहिली. तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या कादंबरीत त्यांनी स्वतःसाठी 'अमृता' हे नाव घेतले. नायकाचे आडनाव बदलून 'युक्लिड' केले, पण पहिले नाव 'मिर्चा' असेच ठेवले.

'मैत्रेयी' हे नाव बृहदारण्यकातील, याज्ञवल्क्यांची पत्नी असलेल्या ब्रह्मवादिनीचे आहे आणि त्याच्या मुळाशी 'मित्र' आहे. 'मिर' आणि 'मित्र' यांचे नाते मानणारा पक्ष स्वीकारला, तर ही दोन नावे एकाच धातूची ठरतात. तसे ठरावे असे कोणाही सहृदय वाचकाला वाटेल. परंतु वर दिलेल्या कारणांमुळे तो पक्ष दुबळा आहे आणि दोघांच्या कथेला त्याच्या आधाराची गरजही नाही. आपल्या हयातीत 'मैत्रेयी'चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध होऊ नये, असे वचन मैत्रेयी देवींनी एलियादेंकडून घेतले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९४ मध्ये, शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत बरोबरच प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एकीत मैत्रेयी आहे, पण मिर्चा नाही. दुसरीत मिर्चा आहे, पण मैत्रेयी नाही.